विकास रविवारी असतो

मुंबईच्या उपनगरांत साखरपुड्याची तारीख गुरुजी काढतात, हॉलवाला ती बदलतो आणि शेवटी मंजूर करते ती शनिवारच्या पेपरातली एक छोटी चौकट. ‘माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाऊन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५.’ एवढंच. पण ही ओळ वाचून घाटकोपरचा मामा कळवतो की तो थेट जेवायलाच येईल. बदलापूरची आत्या आदल्या रात्रीच मुक्कामाला येऊन धडकते. पनवेलचे व्याही घरात बैठक घेतात आणि शेवटी गाडी करून येतात, तिचं भाडं कुणी द्यायचं यावर लग्न मोडायची वेळ येते. मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा असेल तर मुलीचे वडील हळूच विचारतात, “गुरुजी, चारनंतरचा एखादा...?” गुरुजी स्वतः आसनगावहून यायचे असतात. ते पंचांगाचं पान उलटतात आणि साडेचारचा निघतोच.

रूळदुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवणारा हा मेगाब्लॉक रविवारी का, याचं उत्तर लहान मुलांनाही पाठ आहे: रविवारी गर्दी कमी. हे ज्यानं ठरवलं त्याला नातेवाईक नसावेत. सोमवार ते शनिवार आपण ऑफिसात जातो, ते ऑफिसच्या सोयीनं. आपल्या मनानं कुठं जायचं तर हाती एक रविवार. सहा दिवस ज्या रुळांनी साहेबाची वेळ सांभाळली, त्यांची डागडुजी सातव्या दिवशी मावशीच्या वेळेतून होते. ऑफिसचं काही बिघडत नाही. मावशी मात्र म्हणते, “आता काय, मोठी माणसं झालात तुम्ही.”

रेल्वेच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण रविवारी दुपारी बारा वाजता प्लॅटफॉर्मवर तिच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलेलं नसतं. मध्य आणि पश्चिम मिळून रोज तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात. मध्यरात्री सुटलेली शेवटची कर्जत पोचून आडवी होते न होते तोच पहाटेची पहिली गाडी उभी राहते. मधल्या फटीत रूळ बदलायचे, खडी भरायची, ओव्हरहेड वायर तपासायची, पॉइंट तपासायचे. घरात राहूनच घराला रंग काढायचा, आणि त्या घरात लाखो माणसं, त्यातली बरीचशी दारात लटकलेली! नवी लाईन टाकायची असेल तर बघायलाच नको. शेजारच्या लाईनवरून गाड्या हळू न्यायच्या, सिग्नलच्या केबली उपटून पुन्हा जोडायच्या, जुने रूळ सरकवायचे आणि शेवटी जुन्या-नव्या यंत्रणेची गाठ मारायची. या शेवटच्या प्रकाराला नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात. आमच्या डब्यातल्या भजनी मंडळालाही हा शब्द आता तोंडपाठ आहे. तो आला की ते टाळ खाली ठेवतात.

आमच्या डब्यात माणसांना नावं नाहीत, स्टेशनं आहेत. टिटवाळा म्हणजे निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क. ते पहिल्यापासून बसून येतात, त्यामुळे त्यांच्यापाशी इतिहास आहे. आंबिवली बँकेत, दिवसभर सह्या जुळवून जुळवून स्वभाव संशयी. शहाड वयानं लहान. गाडीत बसून मोबाइलमध्ये बघतो की गाडी कुठे आहे. मी डोंबिवली, म्हणजे उभा. डोंबिवलीच्या माणसाला या गाडीत मत असतं, जागा नसते.

तर ब्लॉकच्या दिवशी फास्ट गाडी माटुंग्याला रूळ बदलून स्लो मार्गावर येते आणि जिथं थांबणं तिला आजवर कमीपणाचं वाटत आलं, त्या सायन, विक्रोळी, भांडुपला चक्क थांबते. फास्टचा प्रवासी तेव्हा खिडकीतून असा बघतो की इथंही माणसं राहतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच वेळी भांडुपचा माणूस त्याच डब्यात चढताना बायकोला सांगत असतो, “बघ, आपल्याला आज फास्ट मिळाली.” एकाच गाडीत एकाची बढती आणि दुसऱ्याची पदावनती, आणि दोघंही मुलुंडपर्यंत एकमेकांच्या पायावर उभे.

स्लो मार्गावर ब्लॉक असला की गंमत उलटी. स्लो गाड्या फास्टवरून धावतात, आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथं फास्ट मार्गाला प्लॅटफॉर्मच नाहीत. म्हणजे ही स्टेशनं त्या दिवसापुरती नकाशावरून खरवडून काढतात. नाहूरचा माणूस आपल्या घरासमोरून, स्वतःच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल बघत बघत पुढं जातो आणि मुलुंडला उतरून रिक्षा शोधतो. यात एकच माणूस सुखी: नाहूरचा जावई. “निघालो होतो हो, पण आमचं स्टेशनच बंद आहे.” यावर सासूबाई काही बोलू शकत नाहीत, पेपरात छापून आलेलं असतं.

हार्बरवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना गाडीच्या बदल्यात स्वातंत्र्य मिळतं. कुर्ला–वाशी बंद असलं की ठाण्यामार्गे, ट्रान्स-हार्बरनं प्रवास करायची मुभा असते. मानखुर्द आणि वाशी यांच्यात फक्त खाडी. पण मानखुर्दला जायला वाशीच्या माणसानं ही मुभा मनावर घेतली, तर तो ठाण्याला जातो, तिथून मेन लाईननं कुर्ल्याला येतो आणि कुर्ल्याला त्याला कळतं की मानखुर्द हे ब्लॉकच्या पोटातच आहे. या सगळ्या काळात वर लाउडस्पीकरमधून एक बाई अत्यंत गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करत असते. तिच्या दिलगिरीत कधी खंड पडलेला नाही. या मार्गावर ती एकटी वेळेवर धावते.

हे झालं किरकोळ. घाऊक माल वेगळा असतो, आणि तो घ्यायचा तर ठाणे–दिव्यासारखं गिऱ्हाईक दुसरं नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. मुंब्र्याचा डोंगर तेव्हाही तिथंच होता. आड यायला कळव्याची वस्ती नव्हती, एवढाच फरक. त्याच टापूत लोकलपासून मेल-एक्स्प्रेस वेगळ्या करायला पाचवी-सहावी मार्गिका टाकायचं २००८ साली मंजूर झालं आणि काम पुरं झालं २०२२ च्या फेब्रुवारीत. टिटवाळ्यांकडे याचा घरगुती हिशोब आहे. “मंजुरी आली तेव्हा आमचा धाकटा पहिलीत. लाईन सुरू झाली तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंगला. अजून दोन वर्षं थांबले असते तर त्यालाच चिकटवला असता कामाला.”

मधल्या वर्षांत जे ब्लॉक झाले त्यांचा तपशील देत नाही. कुणाच्या घरात वाद नकोत. शेवटचा घाव मात्र ५ फेब्रुवारी २०२२ च्या मध्यरात्री पडला: सलग ७२ तास. आणि तिसऱ्या दिवसानंतर आम्ही नव्या लाईनचं सुख घ्यायला सज्ज होऊन गाडीत बसलो (म्हणजे टिटवाळा बसले), तर ठाण्याच्या अलीकडे आंबिवली एकदम म्हणाले, “बोगदा कुठाय?”

पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. फास्ट गाड्यांनी कळवा-मुंब्र्याचा वळसा टाळून थेट डोंगराच्या पोटातून जावं म्हणून जुन्या लोकांनी तो खणला. नव्या रचनेत तो मेल-एक्स्प्रेसला गेला आणि फास्ट लोकल आली मुंब्र्याच्या बाजूला. रेल्वेच्या दृष्टीनं हा साधा तर्क: लांबच्या गाड्यांना स्वतंत्र मार्ग हवा होता, तो मिळाला. पण या देवघेवीत आमचं काय गेलं याची नोंद कुठल्याही अहवालात सापडणार नाही. बोगद्यात फोन कट व्हायचा. साहेबाचा फोन आला आणि सूर चढायला लागला की शहाड म्हणायचा, “सर, बोगदा आलाय, नंतर करतो.” हा बोगदा तो घाटकोपरलाही आणायचा. बोगद्यात शाळेची पोरं घशाच्या शिरा ताणून ओरडायची आणि डब्यातलं कुणी रागवायचं नाही, कारण अंधारात दोन-तीन मोठी माणसंही ओरडून घ्यायची. बाहेर आल्यावर सगळे पुन्हा हेडक्लार्क. आता त्या अंधारातून नांदेड-वाराणसीकडची मंडळी जातात. त्यांना त्याचा उपयोग नाही, ती आधीच झोपलेली असतात.

नाही म्हणायला भरपाई मिळाली. १८ फेब्रुवारीला या मार्गिकांचं उद्घाटन झालं आणि ३६ नव्या लोकल फेऱ्या जाहीर झाल्या. डब्यात टाळ्या पडल्या. मग शहाडनं मोबाइलमध्ये पुढची ओळ वाचली: त्यातल्या ३४ वातानुकूलित. टाळ्या वाजवून झालेले हात परत घेता येत नाहीत, म्हणून लोकांनी ते खिशात घातले आणि पास चाचपला. तो सेकंड क्लासचा होता. त्या ए.सी.कडे मी पुन्हा येणार आहे.

मे २०२४ चं प्रकरण मात्र आधी सांगायला हवं, कारण तेव्हा रेल्वेनं एक ऐतिहासिक गोष्ट केली: प्रवाशांना, कृपा करून येऊ नका, असं सांगितलं. ठाण्याच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मची रुंदी दोन-तीन मीटरनं वाढवायची होती. त्यासाठी शेजारचा रूळ उचलून बाजूला सरकवायचा आणि मोकळ्या जागेत आधीच ओतून तयार ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, असं काम. ६३ तासांचा ब्लॉक. त्याच वेळी सीएसएमटीला १० आणि ११ नंबरच्या प्लॅटफॉर्मांसाठी ३६ तासांचा दुसरा, तिथं २४ डब्यांच्या गाड्या मावाव्यात म्हणून. तीन दिवसांत ९३० लोकल फेऱ्या रद्द. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं, असं आवाहनही रेल्वेनंच केलं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला ‘शेजारी बघा’ म्हणावं, इतपत ते प्रांजळ होतं.

आमच्या ऑफिसनं ते मानलं. शुक्रवारी सकाळी मी घरातल्या एकुलत्या एका टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. टेबलावर भाजी निवडायची असते हे मला त्या दिवशी कळलं. दहा वाजता सौ. म्हणाली, “अहो, घरून काम म्हणजे घरातलं नाही का?” साडेदहाला गॅसचा माणूस, अकराला कुरिअर, साडेअकराला वरच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना मी या इमारतीत राहतो हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सौ.ला बाजूला घेऊन विचारलं, “नोकरी गेली का गं?” संध्याकाळपर्यंत मला ठाण्याच्या पाच नंबरबद्दल मनापासून आस्था वाटू लागली. तो लवकर रुंद व्हावा म्हणून मी देवापाशी बोललो.

आणि तो झाला. वेळेत झाला, हे मोकळेपणानं सांगायला हवं. सोमवारी ठाण्याला आम्ही चौघं मुद्दाम उतरून प्लॅटफॉर्म बघून आलो. टिटवाळ्यांनी पावलांनी मापला. आंबिवली म्हणाले, “मीटरभर कमी वाटतोय.” शहाड म्हणाला, “काका, गर्दी मीटरभर जास्त आहे.” दोघांचंही बरोबर असावं. या शहरात जागा रुंद झाली की माणूस आधी तिथं पाय पसरतो आणि मग चुलतभावाला बोलावतो.

सीएसएमटीच्या १०-११ नंबरबद्दल आमचं काही म्हणणं नाही, कारण तिथं आमची गाडी येतच नाही. ब्लॉक लोकलवाल्यांनी सोसायचा आणि डबे मेलचे वाढायचे, यात आम्हाला वंगाळ वाटत नाही असं टिटवाळा म्हणतात. ते म्हणतात आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघतात.

पश्चिम रेल्वेवाल्यांना आपल्यापेक्षा बरं असतं, हा सेंट्रलवाल्यांचा श्रद्धेचा विषय आहे. पुरावा मागू नये. पण २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खार ते गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी तिकडच्या अडीच हजारांच्या आसपास लोकल रद्द झाल्या तेव्हा आमच्या डब्यात सहानुभूतीच्या नावाखाली जो आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी गोरेगाव–कांदिवलीचं काम निघालं, तेही ऑगस्ट-सप्टेंबरात. मध्ये गणपती. मग गणपतीपुरते मोठे ब्लॉक बाजूला ठेवले आणि विसर्जन झाल्यावर पुन्हा काढले. महाराष्ट्रात विकास थांबवायची ताकद कोणात असेल तर ती गजाननात, आणि तीसुद्धा अनंत चतुर्दशीपर्यंतच.

रुळांचं एक वेळ सोसतं, पण आकड्यांचं नाही. दादरला दोन एक नंबर होते: एक वेस्टर्नचा, एक सेंट्रलचा. दोन-दोन दोन नंबर, दोन तीन नंबर. त्यामुळे दादरला भेटायचं ठरवलेली निम्मी माणसं पुलाच्या दोन बाजूंना उभी राहून फोनवर एकमेकांना आंधळी म्हणत असत. काही लग्नं त्यामुळे जमली नाहीत आणि काही, असं म्हणतात, त्यामुळेच टिकली. २०२३ साली सेंट्रलचा एक नंबर रुंद करण्यासाठी दोन नंबर मोडीत काढला, आणि ९ डिसेंबरपासून सेंट्रलचे आकडे वेस्टर्नच्या सातच्या पुढून मोजायला लागले. एकचा झाला आठ, तीनचा नऊ, चारचा दहा, असं करत आठचा चौदा.

रेल्वेचं काम चोख होतं. पाट्या बदलल्या, इंडिकेटर बदलले, घोषणा बदलली. माणसं तेवढी राहिली. आमच्या ऑफिसातल्या एक बाई आजही ‘जुना चार’ म्हणतात आणि त्यांना बरोबर उत्तर देणारे हमालही तसंच म्हणतात. शहाडला जुने आकडे माहीतच नाहीत आणि टिटवाळ्यांना नवे मान्य नाहीत, त्यामुळे दादरला भेटायचं म्हटलं की मधला माणूस म्हणून मला दोन्हीत भाषांतर करावं लागतं. आंबिवली विचारतात, “मोडीत काढलेल्या दोन नंबरवर सुटायची ती गाडी गेली कुठं?” परळला, मी सांगतो. २०१९ पासून परळ टर्मिनस आहे. “हं,” ते म्हणतात, “मला वाटलंच होतं, काहीतरी सरकवलं असणार.”

पंधरा डब्यांचा ताप आणखी बारीक. पश्चिमेला २००९ साली आणि आमच्याकडे २०१२ साली पंधरा डब्यांच्या लोकल आल्या. तीन डबे वाढले ही वरकरणी चांगली बातमी. पण लोकलचा नेहमीचा प्रवासी ‘गाडीत’ चढत नाही, एका दारात चढतो; आणि ते दार प्लॅटफॉर्मवर कुठं लागतं हे त्याच्या पायांना ठाऊक असतं, डोक्याला नाही. वडापावच्या गाळ्याच्या दुसऱ्या खांबाशी आमचं दार. बारा डब्यांची गाडी तिथं लागते. पंधराची आली की तिथं लेडीजचा डबा येऊन उभा राहतो, आणि अर्धं प्लॅटफॉर्म उजवीकडे तर अर्धं डावीकडे धावतं. मधोमध दोन पिशव्या घेऊन एक आजोबा न हलता उभे असतात. गाडी गेल्यावर ते विचारतात, “कुठली होती?”

आता ए.सी.

पहिली वातानुकूलित लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये कुर्ल्याला आली. सगळ्यांनी फोटो काढले. मग तिची उंची मोजली, आणि लक्षात आलं की कुर्ला ते सीएसएमटी या टापूतले जुने पूल ठेंगणे आहेत. तिचं डोकं लागेल. घरात फ्रिज आणावा आणि तो दारातून आत जाऊ नये, असा प्रसंग प्रत्येकाच्या घरी होऊन गेलेला असल्यामुळे लोकांनी रेल्वेला फार नावं ठेवली नाहीत. गाडी शेवटी पश्चिमेला गेली आणि २५ डिसेंबर २०१७ ला तिकडं धावली. बघा, तिकडं बरं असतं!

पुलांचं दुखणं जुनंच होतं, त्याची चूक गाडीकडे नव्हती. ३ फेब्रुवारी १९२५ ला कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. पुढं सगळीकडे २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह करायचं ठरलं. तो पश्चिमेवर २०१२ पर्यंत, आमच्या मेन लाईनवर २०१५ ला आणि हार्बरवर २०१६ ला पुरा झाला. जास्त दाबाच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागतं. अंतर मिळवायचे दोन मार्ग: रूळ खाली न्या, नाही तर पूल वर घ्या. रूळ खाली न्यावेत तर पावसाळ्यात ते पाण्याखाली. म्हणून पूल. जानेवारी २०१६ मध्ये सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल पाडला, त्याला १८ तासांचा ब्लॉक. नोव्हेंबर २०२२ मध्ये मस्जिदजवळचा कर्नाक पूल, त्याला २७ तासांचा. त्या जागी नवा पूल २०२५ च्या जुलैमध्ये ‘सिंदूर’ नावानं खुला झाला. इंग्रजांनी बांधलेला पूल पाडायला एक दिवस पुरला, यातच आपली प्रगती आहे. बांधायला किती लागले ते वेगळ्या खात्याकडे विचारायचं.

एवढं सगळं होऊन ए.सी. लोकल आमच्या मार्गावर आली. २०२२ च्या मेमध्ये तिचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, तरी पासाचं गणित सेकंड क्लासच्या माणसाला जमणारं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये नेहमीच्या दहा फेऱ्या काढून त्या जागी ए.सी. गाड्या घातल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले, आणि आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. नव्या गाड्या वाढवल्या असत्या तर लोकांनी हारच घातले असते. भांडण थंड हवेशी नव्हतं, ८.४७ शी होतं. ८.४७ ची गाडी काढून ८.४७ ची ए.सी. दिली, यात वेळापत्रकाच्या दृष्टीनं काही बदललेलं नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं दारच गेलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमची गाडी रद्द झाली. कुठं तरी, काही तरी कायमचं सुधारत होतं. टिटवाळ्यालाच गाडी अडकल्यानं टिटवाळा, आंबिवली, शहाड तिघंही मिळेल त्या गाडीनं डोंबिवलीपर्यंत येऊन ठेपले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबरोबर प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभे राहिले. टिटवाळ्यांना उभं राहायची सवय नाही. ते आळीपाळीनं एकेका पायावर इतिहास सांगत होते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेले. इंडिकेटरवर पुढची गाडी लागली आणि गर्दी पुढं सरकली. मग बाईंनी गोड आवाजात जाहीर केलं, ही वातानुकूलित लोकल आहे, आणि गर्दी तेवढीच मागं आली.

गाडी लागली. आमच्यासमोर दार सरकून उघडलं, दोन जण उतरले, चार जण चढले, आणि आतून गार हवेचा एक मोठा झोत आमच्यावर आला. कुणी हललं नाही. टिटवाळ्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, डोळे मिटले आणि हात थोडे पसरले.

“काका, जरा बाजूला व्हा,” मागून आंबिवली म्हणाले, “दार बंद व्हायच्या आत आम्हालाही लागू द्या.”